मयताच्या घरचा हेल

माझा नवरा गास्पारे आठवडाभर कोटांच्या कारखान्यात इस्त्री करायचा आणि शनिवारी क्लबात गायचा. फिलाडेल्फियाच्या आमच्या वस्तीत गोड गळ्याचे इटालियन गल्लोगल्ली. ह्याचं वेगळेपण एकच. प्रेमाच्या गाण्यात शेवटी हा गुडघे टेकायचा आणि असा हुंदका काढायचा की जेवणाऱ्या बायका काटे टाकून रुमाल शोधायच्या.

तो हुंदका मुळात सासूबाईंचा. कालाब्रियात, त्यांच्या गावी, मयताच्या घरी हेल काढून रडायला त्यांनाच बोलवायचे. एकदा त्या क्लबात आल्या, गाणं ऐकलं आणि ताटातला मासा तसाच टाकून उठल्या. "मेलेल्या माणसाचं रडं नाचायला वापरतोस?" एवढंच म्हणाल्या, आणि त्याच्याशी बोलणं बंद. एकाच टेबलावर बसून मला सांगायच्या, "त्याला म्हणावं, मीठ दे." मी काय टपालखातं होते?

गास्पारे झुरत गेला. शेवटी त्याने गाणंच सोडलं. मी म्हटलं, "अरे, तो हुंदका तेवढा गाळ, बाकीचं गा."

"तो गाळला तर माझ्याकडे उरतं काय, निनेत्ता?"

खरंच होतं ते. मला फार वाईट वाटलं.

सासूबाई मात्र निवळल्या. ईस्टरला त्याच्या ताटात त्यांनी स्वतः मटण वाढलं. आता बोलतील, उद्या बोलतील, म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा.

आणि मेला तो रेडिओ लागला. समोरच्या न्हाव्याचा पोरगा साल्व्हो क्लबात अगदी पुढे उभा राहून ह्याला डोळ्यांनी गिळायचा. त्याने हातात गिटार घेतली, मागे धडाधड ड्रम लावले आणि तोच हुंदका, श्वासासकट, रेकॉर्डवर घातला होता; तीच रेकॉर्ड रेडिओवर वाजत होती. बाहेर पोरंपोरी नाचायला लागली. आत शेंगा सोलणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

"आई, मी नाही गं तो. साल्व्हो आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला म्हणावं, माझा आवाज मला कळतो. चोरून गातो तो गातो, वर खोटं बोलतो."

मी साल्व्होला त्यांच्यासमोर उभं करायला धावले, तर तो गावोगाव गात हिंडत होता. हिवाळ्यात सासूबाई गेल्या, गास्पारेशी न बोलताच.

मयताला जमलेल्या बायकांपैकी कुणालाच तो हेल येईना. सगळ्या गास्पारेकडे बघायला लागल्या. तो उठला, शवपेटीपाशी गेला, तोंड उघडलं आणि मिटलं.

"नको," तो मला म्हणाला, "तिला वाटेल, मी गातोय."