ठकूबाईच्या भिंतीवरचं दार

तिसरा हात मारला, तरी डाग वर आलाच.

मी भिंती रंगवतो. मोर्चाच्या घोषणा, शाळांचे सुविचार. आमच्या गोदाकाठच्या गावात भिल्ल वस्तीवर समाजमंदिर बांधलं, तेव्हा एक जुनी दगडी भिंत तशीच वापरली. तिच्यावर 'आदिवासी बांधवांशी सलोखा' रंगवायचं काम माझ्याकडे आलं. सरपंच माझे चुलते, अण्णा. म्हणाले, "वारली काढ." वस्ती भिल्लांची, पण सरकारी भिंतीवर आदिवासी म्हणजे वारलीच! मीही मुकाट काढली. लाज वाटते.

त्या वारलीतल्या नाचणाऱ्यांच्या फेरात रोज सकाळी काळपट डाग उमटायचा. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाएवढा. भिंतीत काजळी असली की पाण्याच्या रंगातून झिरपते. त्यावर ऑइल प्रायमर मारतात. पुणतांब्याहून डबा आणला, उघडला, तर शेजारची म्हातारी ठकूबाई पुढे आली. डागावर तळवा ठेवला.

"नगं रं पुसू. बसू दी तिला."

"कुणाला, मावशी?"

"माज्या भनीला. हितंच आमचं घर हुतं. गावाला जागा पायजे हुती. जाळलं. ती आत हुती."

डबा बंद केला. तसाच अण्णांकडे गेलो.

"अण्णा, वस्तीवरचं ते घर कसं जळालं?"

"चुलीची ठिणगी. दार काय कुनी भायेरनं लावलं न्हवतं."

दाराचं मी विचारलंच नव्हतं.

अण्णांच्याही ते लक्षात आलं. हातातला चहा तसाच राहिला. "सोमवारी उद्घाटनाला साहेब यायचेत. पुसून टाक."

परत वस्तीवर. "मावशी, दार कुणी लावलं?"

"तुज्या आज्यानं. समद्या वस्तीला म्हाईत हाय. तुलाच न्हाई. आन् आमच्या हक्काची पत्रकं तूच वाटत फिरतूस!"

वारली खरवडून काढली. ठकूबाई सांगेल तसं डागाभोवती दार काढलं.

"कडी?"

"भायेरनं."

कडीवर हात हवा होता. आजोबांना मी पाहिलेलं नाही. नमुना म्हणून माझाच हात समोर धरून काढला.

ठकूबाईनं तो निरखून पाहिला. "त्योच हाय," म्हणाली, आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरली.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "हे कुणाचं दार?"

मी म्हणालो, "ठकूबाईंच्या घराचं. माझ्या आजोबांनी बाहेरून कडी लावलेलं. आत ठकूबाईंची बहीण होती."

साहेब नारळ न फोडताच गाडीत बसले. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, पण भिंतीला हात लावायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.

सलोख्याचं चित्र काढायचं असेल, तर रंग आणायच्या आधी आपल्या घरात चौकशी करावी.