नकाशात नसलेली लाइन

पाणीखात्यातले नवे लोक चावीवाल्या मामांना वचकून असत. तीस वर्षं रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवून माणसाचा स्वभावही तसाच घट्ट झालेला. कुणी नकाशा उघडला की मामा फिस्कारलेच! "कागदाला काय विचारता? मला विचारा."

त्या वर्षी पाण्याला कुबट वास यायला लागला, घरोघरी माणसं जुलाबांनी आडवी झाली. इंजिनिअरबाईंनी एन्झाइमचे डबे मागवले.

"पाइपात जंतूंचा बुळबुळीत थर बसलाय," त्या म्हणाल्या, "त्याच्याखाली क्लोरीनही पोचत नाही. एन्झाइम तो थर सोडवेल. पण सुटलेली घाण प्रत्येक लाइनच्या टोकाशी नळ उघडून वाहून घालवायची. एखादं टोक राहिलं तर सगळं तिथं जाऊन बसेल. मामा, नकाशात नाही अशी कुठली लाइन आहे का?"

मामांना अशी एक लाइन ठाऊक होती. धाकट्या बहिणीचा नवरा गेला तेव्हा तिची पाण्यासाठीची वणवण त्यांना बघवेना. त्यांनीच चोरून तिला लाइन जोडून दिली होती. तोंड उघडलं तर नोकरी जाणार.

"छे हो, नाही," मामा म्हणाले. किती सहज म्हणाले!

संध्याकाळी ते बहिणीकडे गेले. "दोन दिवस नळाचं पाणी घेऊ नकोस. जरा गाळ येईल. आणि कुणाजवळ बोलू नकोस, कळलं?"

"बरं दादा," ती म्हणाली. मागच्या घरातल्या शिंप्याला तिनं आपल्याच लाइनीवरून नळ दिला होता. दादा चिडेल म्हणून हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, आजही सांगितलं नाही. गाळच येणार ना, ते लोक फडक्यानं गाळून घेतात, अशी तिनं मनाची समजूत घातली.

शिंप्याची मुलगी चार वर्षांची होती. एन्झाइम सोडल्यावर पाचव्या दिवशी ती दवाखान्यात दाखल झाली.

शिंपी मामांना शोधत खात्यात आला. सदऱ्याला दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली.

"मामा, खातं म्हणतं सगळे नळ तपासले, पाणी स्वच्छ आहे. आम्ही तर तुमच्या बहिणीच्याच लाइनीवरचं पाणी पितो. मग आमच्या पोरीला काय झालं हो? तुम्हाला पाण्यातलं कळतं."

मामांना खोटं बोलता आलं असतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची जीभ उचलेना. मग त्या सुईकडे बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

शिंप्यानं अंगावर हात टाकला नाही. टाकला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे," तो म्हणाला, "बहिणीला तेवढं सांगितलंत."