खंडेनवमीला चालू राहिलेला कॉम्प्युटर

आमच्या घरी खंडेनवमीला अवजारं बंद ठेवूनच पूजतात. अण्णा सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर. त्यांचे पाने आणि आईची शिलाई मशीन एकदा पूजेला मांडली, की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या वर्षी माझा जुना कॉम्प्युटरही पूजेला बसणार होता.

आणि दसऱ्याच्याच सकाळी माझी नोकरीसाठीची ऑनलाइन परीक्षा होती. परीक्षा घेणारे परदेशातले, त्यांना कसली सुट्टी! परीक्षेसाठी कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर तयार ठेवायचा होता. तो बनवायला गेले तर सूचना आली : त्यासाठी लागणारं हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. ते विंडोज सुरू होण्याआधी, बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये शिरून चालू करायचं असतं. माझा मॉनिटर इतका सावकाश उजळायचा, की तीनदा बटण दाबायची वेळ हुकली.

“आण की ते डबडं पाटावर,” अण्णा म्हणाले.

“अर्धा तास थांबा ना, अण्णा.”

“कंपनीला सांग, हितं देव उपाशी हाय म्हणावं,” आई चुलीपुढून म्हणाली.

चौथ्या वेळी मॉनिटरची वाट न बघता एफ-टू दाबतच राहिले. निळा पडदा आला. एकेक पान उघडत प्रोसेसरच्या यादीत पोचले. ‘डिसेबल्ड’चं ‘एनेबल्ड’ केलं, सेव्ह केलं. यावेळी आभासी कॉम्प्युटर बनू लागला. पण त्याला दीड तास लागणार होता.

अण्णा ताट घेऊन उभेच. चालत्या मागाला हात लावायचा नाही, हे ते प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्या दिवशी शिकवत.

“मधी बंद केलं तर?”

“परत पहिल्यापासून. आज झालं नाही तर उद्या परीक्षाच नाही.”

ते वाकून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटकडे बघत राहिले. “उघडं काय फिरतंय का आत?”

“पंखा आहे. पण झाकलेला.”

त्यांनी पूजेचं ताट माझ्या टेबलावरच ठेवलं. जाळी सोडून, बाजूच्या पत्र्यावर हळदीकुंकू लावलं. पंख्याच्या घरघरीतच आरती झाली.

दुपारी आभासी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर लॉगिनची ओळ उमटली आणि मी सरावाला बसले. आई म्हणाली, “अगं, आज हात लावायचा न्हाय...”

“लावू दे,” अण्णा म्हणाले. “तिची शिफ्ट चालू हाय. जेवण हितंच आण.”