रेणुकाच्या दगडावरचं झाड

मागच्या शनिवारी साकोलीत चक्क दिवसभर लाईट टिकली, त्यामुळे माझा ऑनलाइन वर्ग वेळेवर सुरू झाला. निवडक हुशार मुलांना मी घरूनच पॅलिओंटॉलॉजी शिकवते... म्हणजे जीवाश्मांचा अभ्यास. मुलं पुण्याची, नाशिकची, नागपूरची. आपल्या भंडारा जिल्ह्यातली एकच, करडीची रेणुका. सातवीत आहे.

एरवी ती फार बोलत नाही, पण विचारते तेव्हा मला पुस्तक उघडावं लागतं. त्या दिवशी तिने स्वतःहून हात वर केला आणि एक दगड कॅमेऱ्यासमोर धरला. पिवळसर दगड, आणि त्यावर काळ्या नाजूक फांद्यांचं झाड... अगदी फर्नसारखं.

सगळी मुलं एकदम बोलायला लागली. घराच्या पायव्यासाठी आणलेल्या दगडांत तिला तो सापडला होता. वडिलांनी तो किराणा दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवला होता, अर्धं गाव बघून गेलं होतं, आणि शाळेत तिचा सत्कारही ठरला होता.

मला मात्र बघताक्षणी कळलं होतं... ते झाड नव्हतंच. दगडाच्या भेगेत मँगनीजचं पाणी झिरपलं की असे काळे डाग फांद्यांसारखे पसरत जातात. भलेभले फसतात. आपल्या भागातले बहुतेक दगड तर इतके जुने, की तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती.

पण तिचा चेहरा बघून वर्गात बोलवेना. भिंगातून नीट बघ, शिरा दिसतात का, देठ कुठून निघतो ते शोध, एवढंच मी म्हटलं. आणि उद्या मी करडीला येते, असंही सांगितलं.

संध्याकाळभर तोच विचार. खरं सांगितलं आणि तिने वर्गच सोडला तर? आणि नाही सांगितलं, तर मी नक्की शिकवते तरी काय...

रविवारी बस बदलत करडी गाठली. तिच्या बाबांनी, गणेशभाऊंनी, दुकानातलं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. सत्काराला पाहुण्या म्हणून तुम्हीच या, म्हणाले. मी कप हातात धरून शब्द शोधत बसले.

तेवढ्यात रेणुकाने कपाटातून दगड काढला आणि वडिलांसमोर ठेवला.

"बाबा, मी काल भिंगानं पायलं. याले शिरा नाईत. देठ बी नाई, भेगेपासूनच सुरू होते. हे झाड नाई होय."

गणेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. साखर घ्यायला आलेली एक बाई तशीच उभी होती... त्यांनी साखर तोलली, पुडी बांधून तिच्या हातात दिली. मग सावकाश विचारलं, "मंग हे काढलं कोनं?"

रेणुकाने मला तोंड उघडूच दिलं नाही. भेग, पाणी, मँगनीज, सगळं तिने रात्रीच नेटवर शोधून काढलं होतं, आणि तीच सांगत सुटली. तुमसरकडच्या खाणींत निघतं तेच मँगनीज, हे ऐकल्यावर त्यांनी दगड उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले.

सत्काराचं कसं करायचं, हे त्यांनी तिलाच विचारलं. हेडसरांना मीच सांगते, ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते... आम्हाला ते दिसले नाहीत असं तिला वाटत असावं.

निघताना गणेशभाऊ बसथांब्यापर्यंत सोडायला आले. खरे जीवाश्म कुठे असतात, त्यांनी विचारलं. मी सिरोंचाचं नाव घेतलं, पार गडचिरोलीच्या टोकाला. ते लगेच म्हणाले,

"वावरातलं धान निघालं का मंग नेतो तिले. तुमी बी चला मॅडम, आमाले त काही समजनार नाई."

काल रेणुकाने तोच दगड पुन्हा वर्गाला दाखवला, आणि ते झाड का नाही हे स्वतः समजावून सांगितलं. पुण्याचा एक मुलगा गुपचूप उठला, आपला विकत घेतलेला जीवाश्म घेऊन आला आणि भिंग लावून बसला...

जे माझ्या तोंडून निघत नव्हतं, ते एका सातवीतल्या मुलीने आपल्या बाबांना सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. दोघांचे मनापासून आभार... मी धान निघायची वाट बघतेय.