चारचा की पाचचा?

‘नाही’ हा शब्द आकड्याशिवाय ज्याला कळतच नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका नागभीडच्या आपल्या घराला भिंत लावून राहतो. मुलांनो, व्हिडिओ कॉलवर माझ्यामागून डोकावणारं टक्कल तुमच्या ओळखीचं आहे, ते हेच. निवृत्त स्टेशनमास्तर. गाडी सोडायची, ती पुढे पोहोचल्याचा निरोप घ्यायचा आणि रजिस्टरात लिहायचं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, रजिस्टर सुटलं नाही. त्यात त्यांच्या मुलीने मोठ्या फायली पाठवण्याचं सॉफ्टवेअर संगणकावर टाकून दिलं. फाईल निघाली की त्याच्या पडद्यावर ओळींमागून ओळी उमटतात आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी तीन आकड्यांचा कोड असतो. ते पाहून गृहस्थ जणू पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले. पहिला आकडा दोन असेल तर काम झालं. तीन असेल तर तुमच्याकडून अजून काही हवं आहे. चार असेल तर सध्या अडलंय, थांबून पुन्हा करा. आणि पाच असेल तर हेच शंभरदा केलंत तरी होणार नाही. दुसऱ्या कुणी एवढं ज्ञान संगणकापुरतं ठेवलं असतं. यांनी ते गावाला वाटलं.

शेजारच्या लग्नात नवरीने लाजत उखाणा घेतला, तर हे पंगतीतून ओरडले, “तीनशे एकतीस! नाव बराबर, आता पासवर्ड मागा!” कोणी हसलं नाही, म्हणून त्यांनी तो विनोद समजावून सांगितला, आणि तोवर भात गार झाला. एका सरकारी खिडकीवर बाबू म्हणाला, “उद्या या.” यांनी खिशातून पेन्सिल काढून विचारलं, “साहेब, हे चारचं उद्या का पाचचं?” मागची रांग खुश झाली, बाबू झाला नाही, दाखला महिनाभर लांबला. मास्तरांनी निर्विकारपणे नोंद केली: चार. त्यांची बायको मला म्हणते, “बाई, यायच्याशी बोलाचं म्हंजे चौकशीच्या खिडकीवर उभं राहाचं.”

मीही त्यांना हसत असे. मग आजोबांच्या नाटकाची गोष्ट आली. आजोबांनी तरुणपणी झाडीपट्टीच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, रात्र-रात्र नाटकं केली, पण चित्रित झालं ते म्हातारपणीचं एकच. त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तुम्ही सगळे तिकडे एकत्र बसून ते पाहणार होतात. फाईल प्रचंड, व्हॉट्सॲपवर मावेना. म्हणून तुमच्या बाबाने आपल्या सर्व्हरचा पत्ता नि पासवर्ड कळवला, आणि मी श्राद्धाच्या आदल्या सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन मास्तरांकडे गेले. पहिल्यांदा मध्येच नेट गेलं. “चारशे सव्वीस. सिग्नल लाल हाये, रूळ जाग्यावर हायेत. चहा घ्या,” ते म्हणाले आणि स्वतः नळावर पाणी भरायला गेले. नेट आल्यावर मीच पुन्हा पाठवलं. लगेच लाल ओळ. मी ती वाचली. इंग्रजी सदोष होतं, मी मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि पुन्हा बटण दाबलं. अकरा वेळा दाबलं. बारा वाजत आले, आणि उद्या तुम्ही रिकाम्या पडद्यासमोर बसलेले मला दिसू लागलात.

मास्तर बादली घेऊन आले ते पडदा पाहून किंचाळलेच. “बाई! पाचशे त्रेपन्न! काऊन दाबून राह्यल्या?”

“पण भाऊ, त्यात काय लिहिलंय ते—”

“इंगरजी नका वाचू, आकडा वाचा. इंगरजी ज्याची त्याची अलग राह्यते, आकडा सगळ्याइचा एकच. त्रेपन्न म्हंजे नाव चालत नाई. काय नाव देल्लं तुम्ही?”

मी फाईलला स्वल्पविराम, ॲपॉस्ट्रॉफी आणि कंसासह संपूर्ण, निर्दोष इंग्रजी वाक्याचं नाव दिलं होतं. तुमच्या बाबाच्या सर्व्हरला साधी अक्षरंच चालतात. चाळीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत जी चिन्हं लाल शाईने घालत आले, ती मास्तरांनी एकेक करून पुसली आणि ‘natak’ एवढंच ठेवलं. संध्याकाळी चारला २२६ आला. मी निघाले, तर म्हणाले, “बसा. गाडी आली म्हंते, पण शेवटचा डबा पाहाले नको?” आणि इकडच्या-तिकडच्या फाईलचा आकार त्यांनी शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहिला.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. धाकटी म्हणाली, “आजी, शेवटी नमस्काराला वाकताना आजोबांची मिशीच पडली!” मी ते भिंतीवरून मास्तरांना सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडून लिहिलं: शेवटचा डबा पाहिला.

“फाईल पोहोचली, भाऊ,” मी म्हटलं, “माणसं कुठे येतात? पोरं यंदाही घरी यायला जमत नाही म्हणाली. पाचच लिहा.”

चष्मा काढून ते माझ्यावर चिडले. “चारचा हाये, बाई. घर जाग्यावर हाये, तुम्ही जाग्यावर हाव. पाच कसा लिहू मी?”

त्यांनी तुमच्या नावापुढे एक रकाना आखून रिकामा ठेवला आहे. रेघ अगदी वाकडी आहे. पट्टी माझ्या हातात होती, तरी मी ती सरळ केली नाही.