साळूबाई ग्रहावर गेली तेव्हा

शहरातल्या छावणी भागात काकासाहेबांच्या खानावळीत मी दोन्ही वेळा जेवतो. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो, बायको त्याच्या आधीच गेली, आणि मी केलेलं वरण गल्लीतल्या कुत्र्यानंही हुंगून सोडलं, तेव्हा दुसरा इलाज उरला नाही. काकासाहेबांच्या भाजीत तिखट सोडून काही नसतं. तरी मी तिथं टिकलो तो साळूबाईमुळे.

साळूबाई तिथं भाकऱ्या करते. हाडापेरानं उंच, खांदे रुंद, दारातून येताना वाकावं लागतं. चूल दाराशीच असल्यामुळे जेवणाऱ्यांकडे तोंड करून ती काठवटीत भाकरी थापते आणि बोलते. डोक्यावरचा पदर घसरला की पिठाची बोटं फाकवून लांब धरायची आणि मनगटाच्या पाठीनं पदर कानामागं ढकलायचा, पण बोलणं थांबवायचं नाही. भाकऱ्या आणि थापा दोन्ही गरमागरम मिळतात, असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

नोकरीत असताना मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारे बाप मी रोज पाहिले. खोटं बोलणारा मला तोंड उघडायच्या आधी कळतो. पण त्या लोकांना खोट्यातून काहीतरी वाचवायचं असायचं. साळूबाईला काहीच नको असायचं. तिचं माहेर सोयगावचं. तिथं लहानपणी डोंगरातून एक बिबट्या उतरला, ओसरीवरचं गाडगंभर ताक प्यायला आणि जाताना मागं वळून बघून गेला, हे मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की तो बिबट्या माझ्या ओळखीचा झाला. दर वर्षी तो थोडा वाढायचा. नवरा वारल्यावर लेकीला घेऊन ती शहरात आली, भाकऱ्या थापून तिला नर्सिंगच्या कॉलेजात घातलं. हे सगळं मात्र ती कधी सांगायची नाही. ते खरं होतं म्हणून असेल.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात सोयगावकडच्या डोंगरात एका मोठ्या पिक्चरचं शूटिंग आलं. अंतराळाचं पिक्चर. पाणी शोधत माणसं परक्या ग्रहावर जातात, अशी काहीतरी गोष्ट. चैत्र-वैशाखात तिकडचा काळा खडक असा तापतो आणि हिरवं पान असं नाहीसं होतं, की त्यांना वेगळा ग्रह बांधायची गरजच पडली नसावी. कामगारांच्या जेवणाचा ठेका काकासाहेबांनी घेतला. माहेरचा मुलूख म्हणून साळूबाई भाकऱ्या करायला गेली, आणि खानावळीतच जेवणारा आमचा टेम्पोवाला मोहियोद्दीन सामान पोचवायला.

परत आली ती उन्हानं रापून, आणि पहिल्याच दुपारी तिनं भर खानावळीत सांगून टाकलं की आपण ग्रहावर जाऊन आलो.

तिचं म्हणणं असं. हिरोईनच्या बदली लांबून चालायला एक मुलगी ठेवली होती. तिला ऊन लागलं, ती आडवी झाली. तेवढी उंच दुसरी बाई तिथं नव्हती. मग साळूबाईला पांढरा जाड सूट चढवला, डोक्यावर काचेची भली मोठी टोपी बसवली आणि सांगितलं, समोर बघून चालत जा. मोठमोठे पंखे लावून धूळ उडवली. ती चालली. पुन्हा चाल म्हणाले, पुन्हा चालली. "माझं चुकतंय काय, ते कुणी सांगंनाच," साळूबाई म्हणाली. "समदे नुसते एकमेकाकडं बघायचे. शेवटाला मोठा साहेब हसला अन् म्हणला, राहू द्या, असंच राहू द्या."

फोटो? फोन आधीच काढून घेतले होते. साक्षीदार? मोहियोद्दीन त्या दिवशी सोयगावच्या बाजारात कांदे भरत होता. शिवाय कुणाला सांगायचं नाही अशी तिला ताकीद होती. म्हशीला डबक्यात बसू नको म्हणावं, तसंच ते. बिबट्याच्या शेजारी ग्रह ठेवून लोक हसले आणि जेवून गेले.

पुढं पिक्चरची चर्चा वाढली तशी खानावळीत दोन तट पडले. मोहियोद्दीन एका बाजूला. आपल्या देशात एवढा पैसा लावून, एवढ्या हिमतीनं असं पिक्चर कुणी काढलं नाही, हे तो रोज नव्यानं सांगायचा. काकासाहेब दुसऱ्या बाजूला. त्यांच्या मते इथं नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही आणि हे निघाले ग्रहावर पाणी हुडकायला. तेवढ्या पैशात गावोगावी टाक्या बांधून झाल्या असत्या. कॉलेजची पोरं मध्येच तोंड घालायची. एकाला यान परदेशी पिक्चरची नक्कल वाटायचं, दुसऱ्याला आपल्या लोकांनी काही केलं की नावं ठेवायची सवय लागलीय असं वाटायचं. आमटी गार व्हायची, पण माघार कुणी घ्यायचं नाही. साळूबाई प्रत्येकाच्या ताटात भाकरी टाकत सांगायची की भांडू नका, पिक्चर चांगलंच हाय, मी आतून बघितलंय.

मग पहिली झलक आली आणि यान खेळण्यातलं दिसतं म्हणून सगळीकडे खिल्ली उडाली. पिक्चर पुढं ढकललं. पुन्हा ढकललं. बातमी आली की बरीचशी दृश्यं कॉम्प्युटरवर नव्यानं करणार, ग्रहसुद्धा. काकासाहेबांना आनंद लपवता येईना. सोयगावचा डोंगर गेला आणि त्याच्यावरची साळूबाईही गेली, असं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवशी साळूबाईची तव्यावरची एक भाकरी करपली. तिच्या हातून ते कधी होत नाही.

याच दिवसांत तिच्या लेकीला, वैजयंतेला, बिडकीनचं स्थळ आलं. घरात वडीलधारं कुणी नाही म्हणून मला भाऊ करून बसवलं होतं. पाहुणे भले होते. चहा झाला, मुलाच्या आईनं सहज विचारलं की तुम्ही काय काम करता. एवढं निमित्त पुरलं. साळूबाईनं सूट घातला, टोपी घातली, पंखे लावले आणि भर बैठकीत ग्रहावर चालून दाखवलं. पाहुण्यांत हसू फुटलं. बिडकीनकडं कारखाने आल्यापासून जमिनीशिवाय बोलणं नाही, तेव्हा मुलाच्या मामानं विचारलं, मग तिथं जागेचा काय भाव चाललाय. सगळे मनमुराद हसले. वैजूचं तोंड मात्र उतरलं.

पाहुणे गेल्यावर ती आईला म्हणाली, "निदान आज तरी खरं बोलायचं होतंस."

"हे खरं हाय, वैजे."

"बिबट्याच्या वेळीपण असंच म्हणायचीस. शाळेत मी तो सगळ्यांना सांगितला होता आई, आणि पोरी वर्षभर मला बिबट्या म्हणायच्या. तुझं कुठलं खरं धरायचं, तेच मला कधी कळलं नाही."

ती रागानं बोलली नव्हती, हेच जास्त लागलं. मी तिथं बसलो होतो आणि मला दोघींचंही वाईट वाटलं. सोयरीक जमली, पण त्या दिवसापासून साळूबाई बोलायची बंद झाली. म्हणजे भाकरी पाहिजे का, मीठ कमी आहे का, एवढं विचारायची. गोष्ट एकही नाही. लोक आधी थट्टा करायचे, मग बिबट्या कुठवर आला म्हणून मुद्दाम विचारू लागले. ती मान खाली घालून थापत राहायची. काकासाहेबांची भाजी इतकी तिखट आहे हे तेव्हाच मला पुरतं कळलं.

शेवटी पिक्चर लागलं. घोडामैदान जवळ आलं म्हणून काकासाहेबांनीही धुतलेला सदरा घातला. मोहियोद्दीननं आम्हा सगळ्यांची तिकिटं काढली होती, वैजूला होस्टेलवरून तोच घेऊन आला. ती आईसाठी म्हणून आली होती. नुसती सोबत करायला, आशेनं नाही. साळूबाई मात्र खानावळीच्या पायरीवरून उठेना. मी शेजारी बसलो.

"काढून टाकलं असंल तर, भाऊ?" ती म्हणाली. "मग मी तिथं गेल्ते का नव्हते, ते माझं मलाच कळायचं नाय."

टेम्पो पुढं आला, मी तिचा हात धरून तिला चढवलं.

मॉलमधल्या त्या थिएटरात गारठा होता. पिक्चरचा पहिला भाग यान, आग आणि दोन गाणी यात गेला. काकासाहेब ऐकू जाईल अशा जांभया देत होते. मध्यंतरानंतर यान ग्रहावर उतरलं. आभाळ तांबडं, वर दोन चंद्र, सगळं कॉम्प्युटरचं. पण खाली जमीन आली तसा मोहियोद्दीन खुर्चीतून उठलाच. "अरे, ये तो अपना सोयगाव है," तो म्हणाला, आणि मागच्यांनी त्याला खाली बसवलं.

लांबून एक पांढरी आकृती चालत येत होती. त्या सुटात कुणीही तसंच चाललं असतं. पाठोपाठ काचेतून हिरोईनचा मोठा चेहरा दिसला. काकासाहेबांनी माझ्याकडे वळून मान हलवली. साळूबाईनं डोळे खाली केले. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

पुन्हा लांबचं दृश्य आलं. वादळ सुटलं, धुळीचा लोट उठला. आकृती थबकली. तिचा उजवा हात वर गेला. बोटं फाकवून लांब धरलेली. मनगटाच्या पाठीनं तिनं टोपीची काच कानापाशी मागं ढकलली, एकदा, अलगद, आणि पुढं चालू लागली.

वैजू ताठ बसली होती.

"पदर," ती म्हणाली. मग मोठ्यानं, सगळ्या थिएटरात ऐकू जाईल असं, "आई, पदर सारलास तू."

साळूबाईनं वर बघितलं तोवर दृश्य सरलं होतं. आपला हात गेला होता हे तिला ठाऊकच नव्हतं. ते लोक काय बघून थांबत होते, साहेब का हसला, हे तिला आत्ता कळत होतं, आणि ती तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती ते अंधारात मला दिसलं नाही. माझे स्वतःचे डोळे तेव्हा कामाचे नव्हते. काकासाहेबांनी जांभया थांबवल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, एवढं ते पुटपुटले, आणि त्यांच्याकडून हे फार झालं.

बाहेर जिन्यावर पोरांचे दोन तट पडलेलेच होते. एक म्हणत होता, तो हात म्हणजे यानाला केलेली खूण. दुसऱ्याच्या मते ती दिग्दर्शकाची सरळ चूक होती. एक चष्मेवाली मुलगी सांगत होती की एवढ्या एका हातात घर सोडून आलेल्या बाईचं सगळं दुःख आहे, काय अभिनय केलाय हिरोईननं. साळूबाई तिच्या जवळून गेली तेव्हा वैजूनं थांबून त्या मुलीला सांगितलं, "ही माझी आई. तो हात हिचा आहे." मुलीला काही कळलं नाही. वैजूला त्याचं काही वाटलं नाही, तिनं आईच्या कमरेला हात घातला आणि पुढं निघाली.

टेम्पोत मागं आम्ही पोत्यांवर बसलो. पुढं काकासाहेब आणि मोहियोद्दीन पिक्चर चांगलं की वाईट यावर भांडत होते. ते अजून भांडतात. बिडकीनला आत्ताच फोन करायचा असं वैजू म्हणाली, मग फोन हातात तसाच ठेवून तिनं आईकडं बघितलं.

"आई, मग तो बिबट्यापण खरा होता?"

साळूबाई विचारात पडली. उत्तर द्यायच्या आधी ती विचार करतेय, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"बिबट्या नव्हता, वैजे," ती म्हणाली. "बोका व्हता."

टेम्पो छावणीकडं वळला. साळूबाईचा हात वर गेला, मनगटानं पदर मागं सरला.

"पन लई मोठा व्हता."

"किती मोठा?" वैजूनं विचारलं, आणि साळूबाई सांगायला लागली.