पाय धुण्याची पैज

नदीपल्याडून कोणीही आमच्या बेला गावात आलं, की गिरजामाय त्याच्या हाती पाण्याचा तांब्या देण्याआधी विचारायची, "आमच्या इहीनबाईचं किती जमलं?" माणूस मयताला आलेला असो की बैल विकायला, प्रश्न हाच. एकदा तर कोणी म्हातारेबुवा रस्ता चुकून तिच्या ओट्याशी उभे राहिले, त्यांनाही तिने सोडलं नाही. बिचारे म्हणाले, "माय, मी तं उमरीचा पत्ता इचारून राह्यलो." त्यावर ही म्हणते, "सांगतो ना, पन पयले माया सवालाचा जबाब द्या."

ही आमची शेजारीण. आमचं किराणा दुकान आणि तिचं घर यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत. माझं माहेर नदीपल्याड वऱ्हाडात. लग्न होऊन मी निजामाच्या राज्यात आले आणि वर्षभरात निजामाचंच राज्य गेलं. सासूबाई म्हणायच्या, सुनेचा पायगुण. मी मनात म्हणायची, चांगलाच की मग! गिरजामाय बुटकी, गोलमटोल, आणि आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेली बकरी मान वर करून बघायची. नवरा महादेवबाबा स्वभावाने सोन्यासारखा, पण हलवल्याशिवाय हलायचा नाही. आंघोळीला जा म्हटलं तरी "जातो ना" म्हणत ऊन डोक्यावर येऊ द्यायचा.

त्यांची एकुलती लेक सुमी. तिला नदीपल्याड दिलं. गिरजामायने लग्न असं केलं की बेलावाल्यांनी तोंडात बोटं घातली. पाच पक्वान्नं काय, वाजंत्री काय! मुलाकडचेही कमी नव्हते. मुलाची आई मंजुळाबाई, उंच, किडकिडीत आणि महा तोऱ्याची. रीतीप्रमाणे गिरजामाय परात घेऊन तिचे पाय धुवायला बसली, तर ही बया म्हणते, "इहीनबाई, पानी थंडं हाय." पाणी तापवून आणलं. मग एक पाय परातीत ठेवला, आणि दुसरा ठेवायला इतका वेळ लावला की भटजी जांभया द्यायला लागले. गिरजामाय वाकून वाकून कमरेत धरली. "तवाच मी ठरवलं," ती पुढे मला सांगायची, "का या बाईचे हात कधी ना कधी माया पायाले लावीन."

संधी पहिल्याच दिवाळसणाला आली. मंजुळाबाई लेक-सून घेऊन बेल्याला आली होती. फराळ करता करता दोघी लग्नातल्या खर्चाचं सांगायला लागल्या. ही म्हणे आमची वाजंत्री आदिलाबादहून आली, ती म्हणे आमच्या साड्या नागपूरच्या. बोलता बोलता मंजुळाबाईच्या तोंडून निघून गेलं, "अन् त्या साड्याईचं देनं अजून डोक्यावर हाय." गिरजामायच्या हातातला लाडू तसाच राहिला. "तुमच्या बी?" तिने विचारलं. झालं! दोघी इतक्या हसल्या की मी कुडाच्या भिंतीवरून डोकावले. एकाच लग्नापायी दोन्ही घरं बुडाली होती आणि दोघी लग्नापासून एकमेकींसमोर नाक वर करून हिंडत होत्या.

हसू ओसरल्यावर मात्र गिरजामायचे डोळे भरले. तिच्यासाठी प्रकरण साधं नव्हतं. केशवशेठ अडत्याकडून पैसे उचलताना महादेवबाबांनी बाजाराच्या तोंडाशी असलेली पुढची खोली आणि ओटा लिहून दिला होता. त्याच ओट्यावर तिची भज्यांची चूल. येत्या तिसऱ्या गुढीपाडव्यापर्यंत पैसे दिले नाहीत, तर ओटा शेठचा. ओटा गेला की चूल गेली, आणि चूल गेली की दोघं म्हाताऱ्यांनी खायचं काय?

मंजुळाबाईने तिला डोळे पुसायलाही वेळ दिला नाही. ती म्हणाली, "रडता काऊन? पैज लावा. जिचं देनं पयले फिटंन, तिचे पाय दुसरीनं धुवाचे. पंचाईसमोर, परात घेऊन."

"वरमायनं नवरीच्या मायचे पाय धुवाचे?" गिरजामायचा विश्वासच बसेना.

"हरली तं धुईन ना! पन हरनार कोन हाय?"

त्या दिवसापासून गिरजामाय जी उठली ती बसलीच नाही. आधी ती फक्त बेल्याच्या आठवडी बाजाराला भजे तळायची. आता बैलगाडीत कढई घालून आसपासचे तीन-चार बाजार करायला लागली. कांद्याचे होते, त्यात मिरचीचे आले, मग मेथीचे आले. महादेवबाबांना तिने जात्यावर बसवलं. बाप्यामाणूस जात्यावर, म्हणून पोरंटोरं हसली, तर ही ओरडली, "हसा, हसा! तिकडं इहिनीच्या घरी व्याही पोहे कांडून राह्यले, माया घरचा काय लंगडा हाय?" तिकडे व्याही खरंच पोहे कांडत होते, कारण मंजुळाबाईचा धंदा चिवड्याचा. आणि ती व्याह्यांना म्हणायची, "तिकडं बेल्याचे व्याही दळून राह्यले, तुमाले लाज नाई वाटत?" दोन्हीकडचे नवरे एकमेकांच्या नावाने राबले. पुढे एका लग्नात दोघं भेटले, तेव्हा गळ्यात पडून उसासे टाकत होते, असं म्हणतात.

माहेरी जाता-येता निरोप पोचवायचं काम माझ्याकडे होतं. गिरजामाय फडक्यात भजे बांधून द्यायची. "म्हना, खाऊन पाहा अन् हरायची तयारी करा." परत येताना मंजुळाबाई चिवड्याचा पुडा द्यायची, त्यात शेंगदाणे जरा जास्तच. गिरजामाय दाणे वेचून बघायची. "धंद्यात एवढे दाने टाकत असंन, तं बुडली समजा," म्हणायची, आणि दुसऱ्या बाजारी आपल्या भज्यांबरोबर चटणी फुकट द्यायला लागायची.

एकदा मी सांगितलं, की मंजुळाबाई तापाने अंथरुणावर आहेत, धंदा बंद आहे. मला वाटलं ही खूश होईल. कुठलं काय! भिजवलेलं बेसन शेजारच्या म्हशीला घातलं आणि डोक्याला फडकं बांधून बसली. "हा बजार मी करत नाई. बिमार मानसाशी कोन शर्यत लावते? लोक थुकतीन ना माया तोंडावर." मग दिवसभर चिडचिड केली, महादेवबाबांना विनाकारण बोलली, आणि संध्याकाळी सुंठेचा पुडा घेऊन माझ्याकडे आली. "तिकडं कोनी जात असंन तं धाडा. बरी झाली पायजे लवकर. बसून बसून माई कंबर धरली."

अशी दोन वर्षं गेली. शिवरात्रीच्या थोडं आधी एक दिवस तिने सगळा गल्ला मोजला, आणि अशी किंचाळली की मी तवा टाकून धावले. पैसे पुरे झाले होते! केशवशेठ कापसाच्या सौद्याला भैंसा गावी गेला होता, दोन-चार दिवस येणार नव्हता. पण तेवढा दम कोणाला? "शेठ काय पळून जाते? पयले पाय धुवून घेतो," असं म्हणून तिने पैसे कमरेला बांधले, डफडेवाला सांगितला, महादेवबाबांना नवं पागोटं बांधलं आणि गाडी जुंपली. साक्षीदार म्हणून मला ओढून नेलं.

नदीकाठी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. निजाम गेला तरी नाका अजून गेला नव्हता. मुन्शीने डफडं ऐकून गाडी अडवली. "बड़ी बी, क्या माल ले जा रहे?"

"माल नाई. पाय हाय," गिरजामायने गाडीतूनच दोन्ही पाय पुढे केले. "धुवून आनतो अन् वापस येतो."

मुन्शीने पायांकडे पाहिलं, मग महादेवबाबांच्या पागोट्याकडे पाहिलं. "पैरों पर महसूल नहीं है. जाओ," म्हणाला.

मंजुळाबाई बोलल्या शब्दाची पक्की. डफडं ऐकताच तिने अंगणात पाट मांडला, परात ठेवली, पाणी तापवून आणलं. सगळी आळी गोळा झाली. गिरजामाय पाटावर बसली, आणि पुरावा म्हणून कमरेची गाठ सोडून रुपये सगळ्यांपुढे ओतले. मंजुळाबाईचा हात पाण्यात होता, तो तसाच थांबला.

"इहीनबाई, हे तं हाली रुपये हाय."

"मंग?"

"अन् शेठचं देनं?"

आता हे सांगायला हवं, की त्या काळात आमच्याकडे दोन रुपये चालायचे. एक निजामाचा हाली, एक हिंदुस्थानचा कलदार. सहा कलदार म्हणजे सात हाली. पल्याड कलदार, अल्याड दोन्ही. अंगणातल्या सगळ्या माना महादेवबाबांकडे वळल्या. बाबांनी पागोटं सारखं केलं.

"शेठनं कलदार देल्ले होते," ते हळूच म्हणाले. "बस्ता पल्याडचा होता म्हून."

"तुमी मले सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई?"

पहिली हसली ती सुमी. पदर तोंडात कोंबला तरी तिला आवरेना. मग आळी हसली, डफडेवाला हसला. गिरजामाय पाटावर तशीच बसून राहिली. तिचं तोंड एवढंसं झालेलं मी तेव्हाच पाहिलं. दोन वर्षं राबून सातवा हिस्सा कमी पडला होता, आणि पाडवा महिन्यावर आला होता. मला तर त्या बाबांचं पागोटं नदीत फेकावंसं वाटलं.

मंजुळाबाई मात्र हसली नाही. तिने परात बाजूला सारली. "कमी पडते ते मी देतो," म्हणाली.

"तुमचं घेऊ? त्यापरीस ओटा गेलेला बरा."

"मंग शिवरात्रीच्या जत्रेत माया बाजूले चूल मांडा. तिथं सारा कलदार भेटते."

गिरजामायने जरा विचार केला. "बाजूले नाई," ती म्हणाली. "समोर."

ती जत्रा ज्याने पाहिली त्याला वेगळं सांगायला नको. वाटेच्या एका बाजूला भज्यांची कढई, दुसऱ्या बाजूला चिवड्याची टोपली, आणि मधून चालणाऱ्या लोकांची दोन्हीकडून ओढाओढ. ही ओरडे, "गरम गरम घ्या, थंडा चिवडा काय खाता!" ती ओरडे, "तेलकट खाऊन देवाले जाता? कुरकुरीत घ्या!" लोक देवाचं दर्शन घेण्याआधी यांचं भांडण ऐकायला थांबायचे, आणि थांबले की दोन्हीकडचं घ्यायचे. महादेवबाबा बेसन भिजवून भिजवून कोपरापर्यंत पिवळे झाले. अपराध कोणाचा होता ते त्यांना माहीत होतं, म्हणून एकदाही "करतो ना" म्हणाले नाहीत. जत्रा उठायच्या आत गिरजामायची तूट भरून निघाली.

तिने शेठचे पैसे चुकते केले, ओटा सोडवला. पाडव्याला मंजुळाबाई स्वतः बेल्याला आली. तिचं देणं अजून बाकी होतं, म्हणजे ती हरली होती. भर बाजारात, त्याच ओट्यावर, तिने विहिणीचे पाय धुतले. गिरजामायने आधी पाणी थंड आहे म्हणून परत पाठवलं. मग एक पाय ठेवला, आणि दुसरा ठेवायला जो वेळ लावला, तेवढ्यात आमच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं उधारी न देता निघून गेली. धुऊन झाल्यावर गिरजामायने वाकून मंजुळाबाईला उठवलं आणि कडकडून मिठी मारली. महिन्याभरात मंजुळाबाईचंही देणं फिटलं.

पुढे राज्यांची फेरवाटणी झाली. आमचं गाव इकडे जाणार की तिकडे, यावर दुकानात रोज वाद चालायचे. गिरजामाय म्हणायची, "राज्य कोनतं बी येऊ द्या, बेसनाचा भाव काय राहीन ते सांगा." आम्ही आंध्रात आलो, पल्याडचे मुंबईच्या राज्यात गेले. नाका उठला होता, हाली रुपया गेला होता. ही कचेरीतल्या बाबूंना तेलुगूत भाव सांगायला शिकली. दोघींच्या पैजा सुरूच होत्या, आता नातवाला कोण जास्त लाडू चारते यावर.

मग मंजुळाबाई गेली. चार दिवसांच्या तापात गेली. तेराव्याला मी गिरजामाय आणि महादेवबाबांबरोबर गेले होते. जेवणं उरकल्यावर बायका बोलत बसल्या होत्या. जुन्या पैजेची गोष्ट निघाली, तशी सुमी म्हणाली, "आई, तुले एक सांगू का? सासूबाईचे पैसे तं त्या वर्षी दिवाळीलेच पुरे झाले होते."

"कोनते पैसे?"

"देन्याचे. मी म्हनलं, देऊन टाका ना, तुमी जिंकल्या. तं मलेच दाबलं. म्हने, मी फेडून मोकळी झाली तं तुई माय हातपाय गाळीन, अन् तिचा ओटा जाईन. पाडव्यापर्यंत पैसे पिठाच्या डब्यात होते. व्याज भरत राह्यली, पन तुले कळू देल्लं नाई."

 गिरजामायने सुमीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी जुंपायला सांगितली.  नदीच्या पाण्यातून गाडी वर चढली, तेव्हा ती एकाएकी रडायला लागली. लहान पोरीसारखी, मोठ्यानं. "लबाड बाई!" ती म्हणत होती. "मले हरवलं वं तिनं. अन् सांगतलं बी नाई!"

जरा वेळाने तिने डोळे पुसले आणि महादेवबाबांना विचारलं, "दिवाळीपासून पाडव्यापर्यंत व्याज किती झालं असंन?"

बाबा बोटं मोजायला लागले. दोन-तीन बोटं मोजून झाली असतील, तिने त्यांचा हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "हे फिटनारं नाई."

बेला येईपर्यंत तिने तो हात सोडला नाही.